फोटोतलं कोपर

त्या साली आमोदखेड्यात थंडी अशी पडली, की म्हैस दुहायला बसावं तर बादलीत दुधाच्या जागी दहीच पडायचं. खोटं वाटत असेल तर त्या म्हशीला विचारा. माणसं खोटं बोलतील, म्हैस बोलायची नाही.

तसल्या थंडीत, भल्या सकाळी, सरपंच सुंदरबाईंच्या ओट्यावर झुलाल घोंगडं पांघरून बसला होता आणि आतून जळत होता. शेकोटीनं नव्हे, चहानं.

अभिमनला चहा आला होता कपबशीत. बशीवर गुलाबाचं फूल, कपाला सोनेरी काठ. झुलालला आला होता स्टीलच्या पेल्यात, तोही चेपका.

दोघं दोंडाईच्याच्या एका शाळेतले, एका बाकावरचे. गणितात मार्क झुलालला जास्त. पण पुढे जळगावात 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावली ती अभिमननं. लग्नाच्या मुलींचे बाप त्याच्याकडे यायचे. पोरगा पितो का, विहीर खरंच त्याची का चुलत्याची, आधी कुठं सोयरीक मोडली का. अभिमन गावात नुसता चक्कर मारायचा आणि पोराच्या आजोबांना न आठवणारी गोष्टही शोधून आणायचा. झुलाल मोटारसायकल चालवायचा आणि पिशवी धरायचा. लोक म्हणायचे, "अभिमनभाऊ आले. आणि सोबत तो एक आहे."

'तो एक' ऐकलं की झुलालच्या कानातून वाफ निघायची. हिवाळ्यात तर दिसायचीसुद्धा.

इथं, मुक्ताईनगरच्या या बाजूला, ते एका नवरदेवाच्या चौकशीला आले होते. काम काल संध्याकाळीच झालं. ताडी पिताना नवरदेवाचे फोटो काढता काढता कॅमेऱ्यातला रोलही संपला. मग सुंदरबाईंच्या मळ्यात अख्ख्या गावाला भरिताचं जेवण होतं, तिथं पाहुणे म्हणून बसले. आता चहा झाला की निघायचं.

तेवढ्यात एक बाई पळत आली. पांढरी साडी, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

"अभिमनभाऊ तुम्हीच ना?" ती झुलालला म्हणाली.

झुलालचा जीव सुपाएवढा झाला. पण सुंदरबाईंनी आतून हात केला. "तो नाही व कुंदा! तो दुसरा. कोटवाला."

अभिमनचा तपकिरी कोट होता, कोपराला चामड्याचं ठिगळ लावलेला. तो उठला. "काय झालं, ताई?"

"लशीचा डबा गेला, भाऊ!" आणि कुंदाबाई मटकन खाली बसली.

ती गावची नर्सबाई. आज पोलिओच्या थेंबांचा दिवस, दुसरी फेरी. देशभर एकाच दिवशी सगळ्या लहान पोरांना थेंब पाजायचे, म्हणजे त्या रोगाला पळायला जागाच उरणार नाही, असं सरकारनं ठरवलेलं. काल संध्याकाळच्या बसनं तिनं तालुक्याकडच्या दवाखान्यातून निळा डबा आणला, उपकेंद्रात ठेवला, कुलूप लावलं आणि भरीत खायला मळ्यात गेली. सकाळी दार उघडलं तर डबा नाही.

"दुसरा मागवा," झुलाल म्हणाला.

"कुठून मागवू? सगळ्या कुप्या काल गावोगाव गेल्या. पहिल्या फेरीला मी दारोदार हातापाया पडले, तेव्हा कुठं बाया पोरं घेऊन आल्या. आज त्यांना परत पाठवलं तर पुन्हा उंबरा ओलांडायच्या नाहीत." तिनं पदरानं नाक पुसलं. "आणि दुपारी जीपमधनं मोठे डॉक्टर येणार. ते काय म्हणतील? नर्सनं लस विकली. नोकरी गेली समजा, भाऊ. नोकरीचं एक वेळ राहू द्या, नाव जाईल."

"दुपारपर्यंत वेळ आहे ना?" अभिमन म्हणाला. "चला."

चहा अर्धा ठेवून तो निघाला. झुलालनं जाता जाता त्या कपाकडं असं पाहिलं, की कपाला तडा गेला. सुंदरबाई आजही दाखवतात तो तडा.

*

उपकेंद्र म्हणजे एक खोली. दाराला कुलूप तसंच लटकलेलं होतं.

"कुलूप फोडलं नाही?" झुलालनं विचारलं.

"फोडायचं कशाला? दार जरा वर उचललं की कडीसकट निघतं. गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्या आत येऊन बसतात."

अभिमन जमिनीकडं बघत फिरला. कोपऱ्यात पाण्याचा माठ. माठाखाली ओली वाळू. वाळूत चार-पाच काचेच्या छोट्या कुप्या, कापडाच्या घडीवर ओळीनं मांडलेल्या.

"ह्या कुठल्या?"

"अगंबाई! ह्या इथं कशा?" कुंदाबाई वाकली. "ह्या धनुर्वाताच्या. उद्याच्या गरोदर बायांसाठी आणल्या होत्या. डब्यातच होत्या, कापडात गुंडाळून बाजूला. बर्फाला टेकली की ही लस वाया जाते ना. थेंबांचं वेगळं. थेंब गोठले तरी चालतात, ह्या नाही चालत."

"चोरानं घाईत टाकल्या," झुलाल म्हणाला. "ओझं नको म्हणून."

"घाईत टाकलेलं असं बसतं का, झुल्या? कोंबडीनंसुद्धा इतकी नीट अंडी घातली नसती."

झुलालनं कुप्यांकडं पाठ फिरवली. कोंबडीची उपमा त्याला लागली.

भिंतीवर खळीनं चिकटवलेलं एक वर्तमानपत्राचं कात्रण होतं. पहिल्या फेरीचा फोटो. मधोमध कुंदाबाई हसतेय, हातात थेंबाची कुपी. पुढं एक पोरगं भोकाड पसरलेलं. त्या पोराला कुणीतरी धरलं होतं, पण तो माणूस फोटोबाहेर राहिलेला. त्याचं फक्त कोपर आलं होतं, उघडं कोपर. कोपराच्या खाली देवी टोचल्याचा गोल वण, बटणाएवढा.

"हा फोटो कुणी काढला?"

"जळगावचा पेपरवाला आहे ना, बन्सीलाल, त्यानं. आजही येणारय तो सकाळच्या बसनं. आता काय छापील? डबा नसलेली नर्स?"

तेवढ्यात तिचा नवरा निंबा पाण्याचा तांब्या घेऊन आला. माणूस साधा, पाच एकर केळीवाला. गुळगुळीत दाढी केलेली, डोक्याला तेल चापून लावलेलं, अंगात कडक इस्त्रीचा टेरिकॉटचा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा. हातावर काटा असा उभा होता की त्यावर वांगी खोचता आली असती. तांब्या पुढं करताना कोपराखालचा गोल वणही काट्यात उठून दिसत होता.

"थंडी वाजत नाही का, निंबाभाऊ?" अभिमननं विचारलं.

"छे! कुठं काय!" निंबाचे दात टकटकले. मग त्यानं दाराबाहेर मान काढली. "बस आली का व?"

"बसचं काय घेऊन बसले?" कुंदाबाई कडाडली. "इथं माझा संसार बुडू राह्यला!"

"तसं नाही... मोठे डॉक्टर..."

"ते जीपनं येतात! किती वेळा सांगू!"

निंबा भिंतीला लागून उभा राहिला. झुलालला त्याची कीव आली. बायकोच्या सावलीत उभ्या राहिलेल्या माणसाला ओळखायला झुलालला चष्मा लागत नव्हता.

अभिमननं एकच विचारलं, "काल भरिताच्या वेळी मळ्यातून कोण कोण उठून गेलं?"

कुंदाबाईनं आठवलं. "सुंदरकाकू गेल्या, ठेचा घरी विसरल्या म्हणून. जीवराम डॉक्टर जेवण अर्धं टाकून गेले. आणि हे गेले होते, वांगी भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या कमी पडल्या म्हणून आणायला."

"हो, मोळीच आणली मी," निंबा म्हणाला.

*

सुंदरबाई कमरेवर हात ठेवून त्यांची वाटच पाहत होत्या.

"मले विचारा ना! सगळे जण कुंदाले विचारता." त्यांनी अभिमनला पाटावर बसवलं. झुलालला पाट मिळाला नाही. "पहिल्या फेरीले नारळ कोणी फोडला? मी. मांडव कोणी घातला? मी. पोराटोराले गूळ-फुटाणे कोणी वाटले? मी. आन् पेपरात कोण? कुंदा! माझं नुसतं कोपर आलं."

"ते कोपर तुमचं?"

"मग कोणाचं? पुरा गाव म्हणतो."

अभिमननं त्यांच्या हाताकडं पाहिलं. कोपरापर्यंत बांगड्या. वर जाडजूड बाजूबंद. फोटोतलं कोपर तर उघडं, बोडकं होतं.

"ठेचा आणायला किती वेळ लागला, काकू?"

"लागला थोडा. खरं सांगू का?" त्यांनी आवाज खाली केला. "देवीसमोर दिवा लावला. म्हटलं, माय, या वेळी तरी कुंदाचा फोटो वाकडा येऊ दे. लय नाही मागितलं, थोडासा वाकडा. आता डबाच गेला म्हणता! देवीनं जास्तच मनावर घेतलं वाटते."

गावात फ्रीज एकट्या त्यांच्याकडे. लाल रंगाचा, वर क्रोशाचा रुमाल, आत वांगी आणि पूजेची फुलं. पाठोपाठ कुंदाबाई आणि निंबा त्या धनुर्वाताच्या कुप्या घेऊन आले.

"आना इकडे," सुंदरबाई म्हणाल्या. "वाळूत कायले ठेवता? औषध कसं, जितकं गार तितकं ताजं." आणि त्यांनी वरचा बर्फाचा खण उघडला.

"तिथं नको!" निंबा ओरडला. एवढ्या मोठ्यानं, की फ्रीजवरची मांजर खाली पडली. "खाली ठेवा. खाली, मधल्या फळीवर. वर गोठतील."

"बरं बाबा! केवढ्यानं ओरडतो," सुंदरबाई म्हणाल्या. "जसं काही तूच नर्स."

कुंदाबाईनं चमकून नवऱ्याकडं पाहिलं. निंबा पुन्हा दाराबाहेर, रस्त्याकडं बघत होता.

*

झुलालनं मात्र चोर ठरवून टाकला होता. आज तो एकदाचा अभिमनच्या आधी पोचणार होता.

जीवराम डॉक्टर म्हणजे डॉक्टर नव्हते. कधीकाळी भुसावळच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, आता गावात सुई टोचत होते. ताप असो, सांधा असो, पोटात मुरडा असो, सुई एकच. एकदा म्हणे त्यांनी सवयीनं खाटेलाच टोचली, तर खाट उठून चालायला लागली. कुंदाबाई गावात आल्यापासून त्यांचा ओटा ओस पडला होता.

झुलाल सरळ त्यांच्या ओट्यावर चढला. "जेवण अर्धं टाकून कुठं गेला होतात, डॉक्टर?"

जीवरामांचा चेहरा पांढरा पडला. "पेशंट होता."

"कोण?"

"म्हैस होती."

"म्हैस का पेशंट?"

"म्हैस पेशंट होती!"

"मागच्या खोलीचं दार का लावलंय?" झुलालनं छाती पुढं काढली. "अभिमन, डबा आत शे! मी सांगस तुले!"

त्यानं दार ढकललं. आत खाटेवर तीन वर्षांचा एक पोरगा रजईत बसून केळं खात होता.

सगळे दारातच थबकले. केळं तेवढं संपलं.

"माझा नातू आहे," जीवराम हळूच म्हणाले. "सावद्याहून आणला काल. मोटारसायकलवर, थंडीत."

"कशाला?"

जीवरामांनी इकडं तिकडं पाहिलं. "थेंब पाजायला. आमच्या मुलीच्या गावी पहिल्या फेरीत राहिला होता. कुंदाबाईला सांगू नका हो. मी गावभर म्हणत फिरतो की थेंबात काय ताकद, खरी ताकद सुईत. पण पोलिओनं लुळा पडलेला माझ्या भावाचा पाय मी पाहिलाय. तो आयुष्यभर हातावर सरकत गेला."

अभिमननं पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "डॉक्टर, एक सांगा. लस कशी ठेवायची? माहिती असावी म्हणून विचारतो."

"त्यात काय! सगळ्या लशी बर्फात दाबून ठेवायच्या. दगडासारख्या गोठल्या पाहिजेत."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि ते फोटोतलं कोपर माझं आहे, बरं का." जीवरामांनी बंद गळ्याचा लांब बाह्यांचा कोट झटकला. हा कोट ते वैशाखातही काढत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर झुलालची मान खाली होती.

"काही बिघडलं नही," अभिमन म्हणाला. "एक माणूस यादीतून गेला ना."

पाठीवर थाप मारून सांत्वन करणारा माणूस जेवढा नकोसा वाटतो, तेवढं दुसरं काही नकोसं वाटत नाही. झुलालनं ती थाप झटकली.

*

पारावर कुल्फीवाला उखर्डू कपाळाला हात लावून बसला होता. शेजारच्या गावी लग्न होतं, त्यासाठी त्यानं काल बर्फाची लादी आणून लाकडी पेटीत, भुशात पुरून ठेवली होती.

"अर्धी लादी नेली कोणी तरी!" तो म्हणाला. "आता तुम्हीच सांगा भो, असल्या थंडीत बर्फ कोण चोरतो? येडा का खुळा?"

"मीठ नेलं?" अभिमननं विचारलं.

"मिठाचं पोतं बाजूलेच होतं. हातही नाही लावला."

"म्हणजे कुल्फी नाही करायची त्याला," झुलाल सहज म्हणाला.

अभिमन थांबला. पाराच्या कडेला टेकला. शाळेसमोर बायका पोरांना काखोटीला मारून येऊ लागल्या होत्या. कुंदाबाई त्यांना "थोडं थांबा, माय" म्हणत होती, आणि दर वेळी तिचा आवाज बारीक होत होता.

"झुल्या, एक इचारू? रागे भरू नको. मनासंगे फिरीसन तुले कसं वाटस?"

झुलाल दोंडाईच्यापासून दाबून बसला होता. ते आत्ता बाहेर आलं.

"खरं सांगू? माले वाटस, एखादाव तुनी एखादी चीज हाराई जावो. मोठी चीज. तू डोकं धरीसन बठ. अन् ती चीज मालेच सापडो. बठ्ठा लोकेस्ना समोर!"

अभिमनची मोठी चीज हरवावी आणि ती सगळ्या लोकांसमोर आपल्यालाच सापडावी, हे बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता अभिमन चिडणार. पण अभिमननं मांडीवर थाप मारली.

"वा रे गड्या! पिशवीतला कॅमेरा काढ. गळ्यात घाल. मागून जा आणि बसथांब्याकडून आल्यासारखा ये. ऐटीत."

"पण त्यात रोल नही ना!"

"माले रोल नको. कॅमेरा पाहिजे."

*

झुलाल बसथांब्याकडून आला तेव्हा चाल बघण्यासारखी होती. गळ्यात कॅमेरा, डोळ्यावर उन्हाचा चष्मा, मान ताठ. पोरं मागं धावली. "पेपरवाला आला! पेपरवाला आला!" 'तो एक'चं तोंड सकाळपासून कुणी नीट पाहिलंच नव्हतं, आणि कॅमेरा दिसला की तोंड कोण बघतं? सुंदरबाईंनी घाईघाईनं दुसरं लुगडं नेसलं. जीवरामांनी कोटाची बटणं लावली. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी चहा आणला. कपबशीत! झुलालनं पहिला घोट घेतला आणि त्याला स्वर्गाचा दरवाजा किलकिला झालेला दिसला.

दुसरा घोट घ्यायच्या आत केळीच्या बागेकडून आरोळी आली.

"सापडला! डबा सापडला!"

निंबा पळत येत होता. छातीशी निळा डबा, त्याला लोकरीचा स्वेटर गुंडाळलेला, स्वेटरमधून पाणी ठिबकतंय. गर्दी फाटली. निंबा सरळ झुलालच्या समोर येऊन उभा राहिला. मग जरा डावीकडं सरकला, उन्हाकडं तोंड केलं, केसावरून हात फिरवला.

"पाटाच्या कडेला, केळीच्या बुडाशी होता," तो म्हणाला. "मीच शोधला. निंबा चिंधा पाटील. लिहून घ्या."

झुलालनं बटण दाबलं. कट्ट.

कुंदाबाईनं डबा ओढून घेतला, मिठीच मारली त्याला. झाकण उघडलं, बर्फाच्या चपट्या बाटल्या कानाशी हलवल्या. आत पाणी खळखळलं नाही. बर्फ दगडासारखा होता. कुप्यांची बुचं जशीच्या तशी.

ती रडायला लागली. निंबा अजून कॅमेऱ्याकडं बघून हसतच होता.

"सगळे आत या," अभिमन म्हणाला.

*

उपकेंद्राच्या खोलीत दाटीवाटीनं ते बसले. कुंदाबाई, निंबा, सुंदरबाई, जीवराम आणि दाराशी उखर्डू. झुलालला या खेपेला खुर्ची मिळाली. तो अजून पेपरवालाच होता.

अभिमन माठाजवळ उभा राहिला.

"मला पहिल्यांदा ह्या जागेनं अडवलं," तो म्हणाला. "चोर डबा नेतो, पण जाताना धनुर्वाताच्या कुप्या काढून ओल्या वाळूत मांडतो. का? कारण तो डब्यात आणखी बर्फ भरणार होता. उखर्डूची अर्धी लादी. नुसता बर्फ आत पडला तर ह्या कुप्या गोठल्या असत्या, वाया गेल्या असत्या. थेंबांना बर्फ चालतो, ह्यांना चालत नाही. म्हणजे चोराला दोन गोष्टी ठाऊक होत्या. आणि चोराला लस मारायची नव्हती."

"मग चोरली कायले?" सुंदरबाईंनी विचारलं.

"परत द्यायला."

दाराशी उभा उखर्डू आत सरकला.

"आता बघा. काकूंनी ह्याच कुप्या बर्फाच्या खणात घातल्या असत्या. डॉक्टर म्हणतात, सगळ्या लशी दगडासारख्या गोठवा. म्हणजे हे दोघं नाहीत. ओरडून अडवलं कुणी? निंबाभाऊंनी. रोज रात्री जेवताना बायको जे बोलते ते ऐकून ऐकून त्यांना पाठ झालेलं."

निंबाचं हसू हळूहळू उतरलं.

"उखर्डूनं विचारलं, असल्या थंडीत बर्फ कोण चोरतो. मी म्हटलं, असल्या थंडीत स्वेटर कोण काढतो? बायको रडतेय, डबा गेलाय, आणि हा माणूस दाढी करून, तेल लावून, नवा शर्ट घालून काकडतोय. स्वेटर डब्याला गुंडाळलेला, गारवा धरून राहावा म्हणून. आणि शर्ट कशासाठी? तर ते बस विचारत होते. जीप नव्हे. बसमधून एकच माणूस येणार होता. बन्सीलाल, फोटोवाला."

"मग हा कोण?" जीवरामांनी झुलालकडं बोट केलं.

"तो माझा माणूस. कॅमेऱ्यात रोल नाही."

निंबानं झुलालकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते झुलालला आयुष्यभर विसरता आलं नाही. लग्नाच्या पंगतीत पान वाढून उठवलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"राहिलं कारण," अभिमन म्हणाला. त्यानं भिंतीवरचं कात्रण दाखवलं. "ह्या कोपरावर गावात दोघांचा दावा. काकूंचं असतं तर बाजूबंद दिसला असता. डॉक्टरांचं असतं तर कोटाची बाही दिसली असती. निंबाभाऊ, हात दाखवा."

निंबानं हात पुढं केला. कोपराखाली देवीचा गोल वण.

"त्या दिवशी पोरं मी धरली होती," निंबा जमिनीकडं बघत म्हणाला. "सगळीच्या सगळी. लाथा खाल्ल्या, ओरबाडे खाल्ले. फोटो काढला तेव्हा मी नवा शर्ट घातला होता. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर..." त्यानं कोपर चोळलं. "गावात मला काय म्हणतात ठाऊक आहे? 'नर्सबाईचा तो.' नाव नाही. मला वाटलं, डबा हरवू दे, बस आली की मला सापडू दे. एकदाच. बस उशीर करील हे कुठं ठाऊक होतं? ही रडायला लागली तेव्हा दोनदा बागेत जाऊन आलो. पण तेव्हा आणला असता तर..."

"फोटो नसता निघाला," झुलाल म्हणाला. ते त्याच्या तोंडून आपोआप गेलं.

"हे मला झुल्यानं सांगितलं," अभिमन म्हणाला. "पारावर. मी बर्फ शोधला, शर्ट शोधला. पण माणूस असं का करील, ते मला सात जन्मांत कळलं नसतं. ते त्याला ठाऊक होतं."

झुलालनं मान खाली घातली. कौतुक होतं का टोमणा, त्याला ठरवता आलं नाही.

कुंदाबाई उठली. सगळ्यांना वाटलं, आता निंबाच्या थोबाडीत बसणार. तिनं हात उचललाही. मग त्याच हातानं स्वेटर पिळला.

"माझी नोकरी गेली असती," ती म्हणाली. "बाहेर बाया थंडीत उभ्या आहेत. तुम्हाला एका फोटोसाठी..." तिनं ओला स्वेटर त्याच्या अंगावर फेकला. "मला सांगायचं होतं ना, हो! मीच बन्सीलालला म्हटलं असतं, यांना पुढं घे."

"मागून मिळाल्यावर त्यात काय राहिलं?" निंबा पुटपुटला.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

मोठे डॉक्टर आले. कुंदाबाईनं काही लपवलं नाही. "साहेब, माझ्या घरच्या माणसानं रात्री डबा हलवला होता. बर्फ वाढवून ठेवला. तुम्ही तपासा, मगच पाजते." साहेबांनी बर्फ पाहिला, कुप्या पाहिल्या, थर्मामीटर घालून बघितलं, निंबाकडं चष्म्यावरून पाहिलं, मग दारातल्या बायकांच्या रांगेकडं पाहिलं. "लस गार आहे. आधी थेंब पाजा," ते म्हणाले. "तुमचं काय करायचं ते कार्यालयात बोलू. आणि त्या दाराला नवी कडी बसवा."

"पोरं धरा," कुंदाबाईनं नवऱ्याला हुकूम सोडला.

निंबानं पोरं धरली. पहिला होता जीवराम डॉक्टरांचा नातू. त्यानं आल्या आल्या टेरिकॉटच्या शर्टावर धार सोडली. पाठोपाठच्यांनी त्याचाच कित्ता गिरवला. म्हणतात, तो शर्ट वाळत घातला तेव्हा खालची केळी आठ दिवस आधी पिकली.

टायर फुटलेली बस शेवटी आली. बन्सीलाल धावत उतरला. "सिस्टर, इकडं बघा! एकट्या!"

"एकटी नाही," कुंदाबाई म्हणाली. "यांना घ्या. पोरं हेच धरतात. चेहरा येऊ द्या, कोपर नको."

*

तिसऱ्या दिवशी जळगावच्या स्टँडसमोरच्या टपरीवर अभिमन वर्तमानपत्र उलटसुलट करून बघत होता. उजेडाला धरलं. लांब नेलं. जवळ आणलं.

"छपाई खराब शे," तो म्हणाला. "फोटो काई नीट उना नही."

झुलालला तो चांगलाच नीट दिसत होता. मधे कुंदाबाई. शेजारी पोर धरलेला, बत्तीस दात दाखवणारा निंबा. त्या दोघांच्या मागं, गळ्यात कॅमेरा, डोळ्यावर उन्हाचा चष्मा, डोक्यापासून पायापर्यंत अख्खाच्या अख्खा झुलाल. आणि एकदम कडेला, जिथं फोटो संपतो तिथं, एक तपकिरी बाही. बाहीच्या कोपराला चामड्याचं ठिगळ.

टपरीवाला वाकून बघायला लागला. "अरे वा, झुलालशेठ! पेपरात! आणि हे कोपर कोणाचं म्हणायचं?"

झुलालनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, सावकाश घोट घेतला.

"ते होय?" तो म्हणाला. "सोबत तो एक होता."